सावलीला कुलूप

सार्वजनिक बाग ही श्रीमंत शहरांची चैन आहे. दुष्काळी मुलखात तिचे नाव काढणे म्हणजे भुकेल्यापुढे फुले ठेवणे, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. हा युक्तिवाद मुळातच खोटा आहे.

मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कलची बाग पाहावी. गोलाकार आखणी, जुने वृक्ष, भोवती कमानींच्या इमारती. या परिसरात एके काळी कापसाच्या गाठी रचल्या जात. १८७२ साली तेथे आखीव बाग झाली. सरकारवर निर्भीड टीका केल्यामुळे १९१९ मध्ये हद्दपार झालेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या संपादकाचे नाव स्वातंत्र्यानंतर तिला मिळाले. त्या भागातील बँकांचे अधिकारी थंडगार खोल्यांत जेवतात. बागेतल्या बाकाची निकड असते ती हमालाला, शिपायाला आणि शिरूर कासारसारख्या गावाहून रुग्णाला घेऊन आलेल्या, शहरात कोणाचेही दार ओळखीचे नसलेल्या नातलगाला.

मग खुद्द शिरूर कासारला बाग नको, हे कोणत्या तोंडाने म्हणावे? सिंदफणेच्या काठच्या या तालुक्यातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि महिनोन्‌महिने कोपीत राहतात. मागे उरतात म्हातारी माणसे. गावोगावचे पार पुरुषांचे, चहाची हॉटेलेही पुरुषांचीच. बाजाराला आलेल्या बाईने दोन घटका कोठे टेकावे? कारंजी नकोत, परदेशी हिरवळही नको. कडुनिंब, चिंच आणि चार बाके पुरेत. पाण्याची टंचाई ही कारंज्याविरुद्धची सबब आहे, सावलीविरुद्धची नव्हे.

परंतु नगरपालिकांना दोष देण्यापूर्वी आपले अंगण पाहू. अनेक शहरांत बागा ऐन दुपारी बंद होतात, म्हणून आपण कुरकुरतो. आपल्या कितीशा चर्चची फाटके मिस्सा संपल्यावर उघडी असतात? झाडे तोडून फरशी घातली, मोटारींची सोय केली आणि दारावर पहारेकरी बसवला. सृष्टी हे सर्वांचे घर आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. रम्य जागा मूठभरांपुरत्या राखल्या जातात, याची खंतही त्यांनी त्यात व्यक्त केली. आपण त्यावर व्याख्याने ठेवली आणि कुलूप तसेच ठेवले.

पुनरुत्थित प्रभू मरिया माग्दालेनाला प्रथम माळी वाटला. आज तो आपल्या फाटकाशी आला, तर पहारेकरी त्याला काय काम म्हणून विचारील.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाने ठरवावे: दुपारी फाटक उघडे, झाडाखाली बाक आणि पाण्याचा एक माठ. येणाऱ्याचा धर्म विचारू नये.