बदली गाडी ही मेहेरबानी नव्हे, ई-वाहनाच्या दुरुस्तीचाच भाग

बसवनगुडी (बंगळुरू) : विद्युत मोटार घ्यावी की नाही, या चर्चेत आजवर तीन प्रश्न पुढे राहिले. एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते, बॅटरी किती वर्षे टिकते आणि वाटेत चार्जिंगची सोय कुठे आहे. देशात विद्युत मोटारींची वार्षिक विक्री एक लाखाच्या पुढे गेल्यानंतर चौथा प्रश्न ठळक होऊ लागला आहे. गाडी दुरुस्तीसाठी आठ-दहा दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये अडकली, तर तिच्या मालकाने त्या काळात फिरायचे कशाने?

हा प्रश्न समजून घ्यायला दक्षिण बंगळुरूतील बसवनगुडीसारखी वस्ती उपयोगी ठरते. 1898 च्या प्लेगच्या साथीनंतर आखणीपूर्वक विस्तारलेल्या या भागात गांधी बाजार आणि बुल टेंपल रोडच्या आसपास आजही आवार असलेली जुनी घरे टिकून आहेत. स्वतःचे फाटक, स्वतःचे वीजमीटर आणि रात्रभर गाडी उभी करायला हक्काची जागा असल्याने ई-वाहन बाळगणे येथे तुलनेने सोपे आहे. कर्नाटकाने 2017 मध्ये देशातील पहिले राज्यस्तरीय विद्युत वाहन धोरण जाहीर केले. राज्यातील सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली असून त्यातील मोठा वाटा बंगळुरूत आहे. गाडी चार्ज करण्याचा प्रश्न येथे बऱ्याच अंशी सुटला आहे. गाडी बंद पडण्याचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

नाक्यावरचा मेकॅनिक नसलेली गाडी

पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीचा मालक अडचणीत आला तरी त्याच्यापुढे पर्याय असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आठवडा सांगितला, तर तो ओळखीच्या गॅरेजमध्ये जातो. सुटा भाग बाजारात मिळतो, जुना दुरुस्त करून बसवता येतो. वॉरंटी संपलेल्या गाड्यांचा मोठा हिस्सा अशाच गॅरेजांच्या आधारावर वर्षानुवर्षे रस्त्यावर धावतो.

विद्युत मोटारीच्या मालकाला ही मुभा जवळजवळ नाही. नियमित देखभाल कमी लागते, हा या गाड्यांचा मोठा गुण. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. मात्र बिघाड बॅटरी, मोटार किंवा चार्जिंगच्या यंत्रणेत झाला, की काम उच्च दाबाच्या विजेशी येते. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, विद्युतरोधक हातमोजे व अवजारे, वेगळी राखलेली जागा आणि कंपनीचेच निदान सॉफ्टवेअर लागते. बॅटरीसंच मागवायचा झाला, तर लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या वर्गात मोडत असल्याने वाहतुकीचे नियमही आड येतात. प्रमुख कंपन्या बॅटरीवर साधारण आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात. बाहेरच्या गॅरेजने बॅटरीला हात लावला, तर हे संरक्षण गमावण्याची भीती मालकाला असते.

बिघाड नेहमी बॅटरीतच होतो असेही नाही. 2024 च्या मध्याला भारतात ह्युंदाईच्या आयोनिक 5 या मॉडेलच्या 1,744 आणि कियाच्या ईव्ही6 या मॉडेलच्या 1,138 गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. कारण होते चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या एका घटकाचे, ज्यातील दोषामुळे 12 व्होल्टची साधी बॅटरी उतरू शकत होती. असा दोष गल्लीतल्या वायरमनच्या आवाक्याबाहेरचा असतो.

बदली गाडीच्या मागणीचे मूळ येथे आहे. दुरुस्तीचे दार एकच असेल, तर त्या दारात घालवाव्या लागणाऱ्या दिवसांची जबाबदारी कोणाची, हा तो मुद्दा आहे. ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोय नाही. म्हणून ताटकळण्याचा खर्चही त्याच्याच माथी, ही आजची स्थिती आहे.

ताटकळण्याचा हिशेब

हा खर्च किती, याचा अंदाज बसवनगुडीतूनच बांधता येतो. येथून इलेक्ट्रॉनिक सिटीला नोकरीसाठी जाणाऱ्याचे अंतर एका बाजूने सुमारे 16 किलोमीटर धरले, तर रोजची ये-जा 32 किलोमीटरांची होते. मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला त्यासाठी पाचेक युनिट वीज लागते. 2025-26 साठी कर्नाटकात घरगुती विजेचा दर युनिटला 5 रुपये 80 पैसे ठरला. अधिभार व कर धरूनही हा खर्च दिवसाला 40 रुपयांच्या आत राहतो.

तोच प्रवास रिक्षाने केला, तर 1 ऑगस्ट 2025 पासूनच्या दराप्रमाणे पहिल्या दोन किलोमीटरला 36 रुपये आणि पुढे किलोमीटरला 18 रुपये या हिशेबाने एका फेरीचे 288 आणि दिवसाचे 576 रुपये होतात. दहा कामाचे दिवस गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली, तर 5,760 रुपये केवळ रिक्षाला जातात. गाडीच्या कर्जाचा हप्ता या काळात थांबत नाही. बॅटरी भाड्याने घेण्याच्या किंवा मासिक वर्गणीच्या योजनेत गाडी घेतली असेल, तर करारातील किमान रक्कमही सुरू राहते. ज्या बचतीच्या आशेने महाग गाडी घेतली, ती बचत अशा एका खेपेत काही महिने मागे जाते.

10 ऑगस्ट 2025 रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्याने इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नोकरदारांना दिलासा मिळाला, हे खरे. पण घरातील वृद्धांना रुग्णालयात नेणे, मुलांना शाळेत सोडणे किंवा रात्री उशिरा परतणे ही कामे मेट्रोच्या नकाशात नेहमी बसत नाहीत. त्यासाठीच लोक गाडी घेतात.

विम्याचा आधार अपुरा आहे. अनेक विमा कंपन्या जादा हप्ता घेऊन, गाडी गॅरेजमध्ये असताना दैनिक भत्ता देणारे संरक्षण विकतात. मात्र ते साधारणपणे अपघाताच्या दाव्याशी जोडलेले असते. वॉरंटीतील भाग येण्याची वाट पाहताना गेलेले दिवस त्यात येत नाहीत.

बंगळुरूतला स्कूटरचा धडा

ग्राहकाला बदली वाहन देण्याची जाहीर हमी भारतात गाजली ती मोटारींमुळे नव्हे, स्कूटरींमुळे. आणि तीही बंगळुरूतच. ओला इलेक्ट्रिकच्या सेवेविषयी 1 सप्टेंबर 2023 ते 30 ऑगस्ट 2024 या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 10,644 तक्रारी आल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. त्याच सुमारास कंपनीने एका दिवसात दुरुस्तीची हमी जाहीर केली. काम त्याहून लांबले तर ग्राहकाला बदली स्कूटर देण्याचे आश्वासन त्यात होते आणि 10 ऑक्टोबरपासून बंगळुरूतून त्याची सुरुवात करण्याचे ठरले. बहुतेक तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने नंतर सांगितले.

तरी प्रश्न संपला नाही. वर्षभराने, ऑक्टोबर 2025 मध्ये, गोव्यात सेवा केंद्रांत पडून राहिलेल्या स्कूटरींवरून ग्राहकांचा संताप उसळला आणि राज्याच्या परिवहन खात्याने या कंपनीच्या नव्या वाहनांची नोंदणी रोखण्याचे पाऊल उचलले. बदली वाहनाचे आश्वासन संकटानंतरचा उपाय म्हणून आले, तर ते पुरे पडत नाही. शिवाय ते कंपनीच्या घोषणेत असते, विक्रीच्या करारात नसते. घोषणा मागे घेता येते, करार मोडला तर न्याय मागता येतो.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. टेस्लाने एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेत सेवेसाठी गाडी देणाऱ्या ग्राहकाला वरच्या श्रेणीची मॉडेल एस बदली म्हणून देण्याची योजना जाहीर केली होती. आवडली तर तीच विकत घेण्याचीही मुभा होती. पुढे गाड्यांची संख्या वाढली, तसा बदली गाडीऐवजी टॅक्सीच्या प्रवासाचा खर्च देण्याचा मार्ग वापरात आला. हजारोंच्या ताफ्याला परवडणारी सेवा लाखोंच्या ताफ्याला परवडतेच असे नाही. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक कायद्यात मात्र वॉरंटीतील दुरुस्तीसाठी नवी गाडी एकूण 30 दिवसांहून अधिक काळ बंद राहिली, तर ती सदोष असल्याच्या दाव्याला बळ मिळते. तेथे दिवस मोजण्याला कायदेशीर अर्थ आहे.

विक्रेत्याची बाजू

वितरकांची अडचण खोटी नाही. बदली गाडी म्हणजे भांडवल अडकवणे, तिचा विमा, तिची झीज आणि ग्राहकाच्या हातून झालेल्या नुकसानीचा वाद. प्रात्यक्षिकाची गाडी वापरावी म्हटले, तर ट्रेड सर्टिफिकेटवरची वाहने चाचणी, प्रात्यक्षिक आणि ने-आण अशा मर्यादित कामांसाठी असतात. ग्राहकाच्या रोजच्या वापरासाठी नव्हेत. म्हणजे स्वतंत्र नोंदणी आली. खासगी नोंदणीची गाडी भाडे घेऊन देता येत नाही. भाडे घ्यायचे तर व्यावसायिक नोंदणी लागते.

करांचेही गणित आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये प्रात्यक्षिक वाहनांवरील कराची वजावट घेता येईल, असे स्पष्ट केले. तो खुलासा विक्रीला साह्य करणाऱ्या वाहनांपुरता आहे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने व्यवसायाकडून विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या विद्युत वाहनांच्या नफ्याच्या रकमेवर 18 टक्के कर ठरवला. त्यामुळे बदली ताफ्यातील गाडी पुढे विकून खर्च भरून काढण्याची वाटही थोडी अरुंद झाली.

अनुकूल बाजूही आहे. केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना परवान्याच्या अटीतून मुक्त केले. त्यामुळे भाडेतत्त्वावरील ई-वाहनांचा ताफा उभा करणे डिझेलच्या ताफ्यापेक्षा सोपे आहे. एकेका वितरकाने गाड्या बाळगण्यापेक्षा शहरातील वितरकांनी मिळून असा ताफा वापरणे शक्य आहे.

कोणाला, कधी आणि कोणती गाडी

सरसकट प्रत्येकाला बदली गाडी ही मागणी टिकणारी नाही. वार्षिक तपासणी काही तासांत होते; तेथे घरून गाडी नेऊन परत आणून देणे पुरे. काम दुसऱ्या दिवशी गेले, तर प्रवासखर्चाची ठरावीक रक्कम देता येईल. वॉरंटीतील दोषामुळे किंवा भाग उपलब्ध नसल्यामुळे गाडी तीन दिवसांहून अधिक अडकली, तर बदली गाडी हा हक्क असावा. अपघाताच्या दुरुस्तीचा भार विम्यावर राहील.

बदली गाडी कोणती, हेही महत्त्वाचे. घरी चार्जर असलेल्याला पेट्रोलची गाडी दिली, तर इंधनाचा भुर्दंड पुन्हा त्याच्यावर येतो. विद्युत गाडीच दिली, तर खर्च वाचतो आणि कंपनीला आपले दुसरे मॉडेल आठवडाभर ग्राहकाच्या हाती ठेवता येते.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई मागण्याची वाट देतो. मात्र किती दिवसांचा विलंब म्हणजे त्रुटी, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे सिद्ध करावे लागते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू केले आणि वाहनक्षेत्र त्यात समाविष्ट केले. सुटे भाग आणि माहितीबरोबरच दुरुस्तीची कमाल मुदत व ती उलटल्यावर ग्राहकाला काय मिळेल, हे कंपन्यांनी तेथे जाहीर करावे, असा आग्रह धरता येईल. विक्रीच्या वेळी बॅटरीची वॉरंटी ठळक अक्षरांत छापली जाते. त्याखाली ही एक ओळ छापणे अवघड नाही.

महाराष्ट्रासाठी हा विषय परका नाही. महिंद्राच्या नव्या विद्युत मोटारी चाकणमध्ये तयार होतात. राज्याच्या 2025 च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोलमाफी आहे. सवलतींनी गाडी विकली जाते. ती विकत घेणारा दुसऱ्यांदा तीच घेईल का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये ठरते. चाकणची गाडी नाशिक, कोल्हापूर किंवा नांदेडला जाते, तेव्हा जवळचे सुसज्ज वर्कशॉप किती दूर आहे, यावर तेथील मालकाचे दिवस अवलंबून असतात. बंगळुरूत जो त्रास आठवड्याचा, तो लहान शहरात महिन्याचा होऊ शकतो.

भारताच्या पहिल्या प्रमुख विद्युत मोटारींपैकी एक, रेवा, 2001 मध्ये बंगळुरूतच बाजारात आली. वाटेत बॅटरी संपत आली तर फोन करून राखीव चार्ज मिळवण्याची तिची योजना 2009 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. ग्राहक रस्त्यात अडकू नये, ही काळजी त्या लहानशा गाडीच्या कर्त्यांना होती. आज गाड्या मोठ्या झाल्या आणि पल्ला पाचशे किलोमीटरांकडे गेला. ग्राहक रस्त्यात क्वचितच अडकतो, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर अडकतो. बदली गाडीचा खर्च कंपनीच्या खात्यात पडू लागला, तर सुटा भाग वेळेवर मागवणे आणि तंत्रज्ञ तयार करणे हे तिच्या स्वतःच्या फायद्याचे ठरेल. बसवनगुडीतील मालकाला शेवटी हवी असते ती आपलीच गाडी, लवकर आणि नीट दुरुस्त झालेली.