अधिकार कोणाचा?

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर एखादा प्रोग्राम त्याच्या मूळ लेखापासून सिद्ध करण्याची, म्हणजे 'कंपाइल' करण्याची, हौस आपल्या घरांतील तरुण मंडळींस असते. मध्येंच पडद्यावर 'पर्मिशन डिनाइड' अशीं अक्षरें उमटतात व काम अडतें. त्यासरशीं आज्ञेच्या आरंभीं 'सुडो' हा शब्द लावून सर्वाधिकारी 'रूट' याच्या नांवें काम रेटण्याचा मोह होतो. वाचकहो, हा इलाज रोगापेक्षां भयंकर होय.

यूनिक्स या १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत आरंभ झालेल्या प्रणालीची परंपरा लिनक्सनें उचलली आहे. तींत प्रत्येक फाइलीस धनी, गट व इतर असे तीन वर्ग असून, वाचणें, लिहिणें व चालविणें या अधिकारांचे अंक अनुक्रमें ४, २ व १ असतात. म्हणून ७५५ म्हणजे धन्यास तिन्ही अधिकार, बाकीच्यांस फक्त वाचणें व चालविणें. एकत्र कुटुंबांत कोठीची किल्ली कोणाजवळ असावी हें ठरलेलें असतें, तशीच ही व्यवस्था.

तेव्हां प्रथम 'एल-एस' ही आज्ञा 'उणे एल' या खुणेसह देऊन अडलेली फाइल कोणाची, हें पाहावें. झिप गठ्ठ्यांतून काढलेल्या 'कॉन्फिगर' फाइलीचा चालविण्याचा अधिकार कधीं कधीं गळतो. तो 'सी-एच-मॉड' या आज्ञेस 'यू अधिक एक्स' जोडून परत मिळतो. फाइलीवर रूटचें नांव दिसल्यास पूर्वीं कोणीं तरी सुडोनें 'मेक' चालविलें असावें, असें समजावें. तेथें मात्र सुडोसह 'सी-एच-ओन' वापरून ती आपल्या नांवें करून घ्यावी. सरसकट ७७७ करणें म्हणजे कोठीचें दार रस्त्याकडे उघडें टाकणें होय.

एवढी दक्षता कां? मेक ज्या सूचना पाळतें त्या बहुधा परक्यानें लिहिलेल्या असतात. आपल्या नांवें चालविल्यास त्यांतील चुकीची किंवा कपटाची हानि बहुतांशीं आपल्या फाइलींपुरती राहते. रूटच्या नांवें चालविल्यास त्याच यंत्रावर खातें असलेल्या वडिलांचे हिशेब व भावंडांचीं छायाचित्रेंही जाऊं शकतात.

यास्तव कंपाइल आपल्याच होम डिरेक्टरींत, आपल्याच नांवें करावें. शेवटचें 'मेक इन्स्टॉल' सामान्यतः 'यूएसआर लोकल' या सामाईक जागीं लिहितें. तेवढ्यापुरता सुडो क्षम्य आहे. तोही टाळावयाचा असल्यास कॉन्फिगर चालवितांनाच 'प्रिफिक्स' म्हणून आपल्या होम डिरेक्टरींतील एखादी जागा सांगावी.