मासिक बघून कम्प्युटर जोडायचे दिवस: 'बाईट' बंद पडलं, पण त्याचा प्रश्न आजही तसाच आहे

सप्टेंबर १९७५. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं पीटरबरो हे छोटंसं गाव. इथून एका नव्या मासिकाचा पहिला अंक बाहेर पडला. किंमत दीड डॉलर, नाव 'बाईट'. कम्प्युटर हे जगातलं सगळ्यात भारी खेळणं आहे, असा दावा थेट मुखपृष्ठावरच केला होता.

तेव्हा कम्प्युटर म्हणजे बँका, विद्यापीठं आणि सरकारी कचेऱ्यांमधलं अवाढव्य यंत्र. घरात कम्प्युटर असणारे लोक फारच थोडे. तरीही हे मासिक निघालं आणि पुढची २३ वर्षं चाललं.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पहिल्या अंकाला ५० वर्षं झाली. आज एआयला चार ओळीत सांगितलं की ॲप तयार होतं. मग या जुन्या मासिकाची आठवण कशासाठी काढायची? तर त्याने विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून.

मासिकाची गरज का पडली?

जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा कम्प्युटर झळकला. सुट्ट्या भागांचा संच साधारण ४०० डॉलरला मिळायचा. जोडायचा आपणच, तोही सोल्डरिंग करून.

याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. समोरची बटणं वर-खाली करून प्रोग्राम भरायचा आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखायचं. मूळ संचातली मेमरी होती फक्त २५६ बाईट. युनिकोडमध्ये मराठीचं अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाईट लागतात. म्हणजे या परिच्छेदातली दोन मोठी वाक्यंसुद्धा त्यात एकत्र मावली नसती.

लोकांनी संच मागवले खरे, पण अडलं तर विचारायचं कुणाला? हौशी रेडिओवाल्यांसाठी '७३' हे मासिक चालवणाऱ्या वेन ग्रीन यांनी ही गरज हेरली. संपादक म्हणून कार्ल हेल्मर्स आले. ते आधीपासूनच घरी कम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी स्वतःचं एक पत्रक काढायचे.

'बाईट'ने नेमकं काय केलं?

पहिलं काम अगदी सुरुवातीचं. प्रोग्राम साठवायचा कसा, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. डिस्क ड्राइव्ह परवडण्यासारखे नव्हते. स्वस्त पर्याय होता गाण्यांची कॅसेट, पण प्रत्येकाची रेकॉर्डिंगची पद्धत वेगळी. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या मशीनवर चालायची नाही.

नोव्हेंबर १९७५ मध्ये 'बाईट'ने कॅन्सस सिटीत बैठक बोलावली आणि एक समान पद्धत ठरली. शून्यासाठी १२०० हर्ट्झचा आवाज, एकासाठी २४०० हर्ट्झचा. हीच पुढे 'कॅन्सस सिटी स्टँडर्ड' म्हणून ओळखली गेली. जेमतेम काही महिन्यांच्या मासिकाने अख्ख्या धंद्याला एका टेबलावर आणलं होतं.

१९७७ पासून स्टीव्ह सिआर्सिया यांचं 'सर्किट सेलर' हे सदर सुरू झालं. त्यात सर्किटची आकृती असायची, कोणता भाग कुठे जोडायचा ते असायचं आणि तो तिथेच का, तेही असायचं. प्रोग्राम तर अंकात छापूनच यायचे. वाचक ते ओळीनओळ टाइप करायचे. एक स्वल्पविराम चुकला की प्रोग्राम अडायचा आणि चूक शोधता शोधता प्रोग्रामिंग कळायला लागायचं.

ऑगस्ट १९८१ चा अंक स्मॉलटॉक या भाषेवर होता. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत खिडक्या आणि माऊसवर चालणाऱ्या कम्प्युटरचं जे काम सुरू होतं, त्यातूनच ही भाषा आली होती. मॅकिंटॉश बाजारात यायला अजून अडीच वर्षं होती.

मग बंद का पडलं?

त्याच ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला. हळूहळू बहुतेक कम्प्युटर एकसारखे झाले, तयार मिळायला लागले. वाचकाचा प्रश्न बदलला. 'हे चालतं कसं?' मागे पडलं आणि 'कुठला घेऊ?' पुढे आलं. 'पीसी मॅगझिन', 'पीसी वर्ल्ड' याच प्रश्नावर मोठे झाले.

१९७९ पासून मॅकग्रॉ-हिलच्या मालकीचं असलेलं 'बाईट'ही परीक्षणांकडे वळलं. जाहिरातींमुळे काही अंक ५०० पानांच्या पुढे गेले. नंतर इंटरनेट आलं आणि जाहिराती तिकडे निघाल्या. मे १९९८ मध्ये सीएमपी कंपनीने 'बाईट' विकत घेतलं. जुलैचा अंक शेवटचा ठरला.

बाकीच्यांचंही पुढे तेच झालं. 'पीसी मॅगझिन'ची छपाई २००९ मध्ये थांबली, 'पीसी वर्ल्ड'ची २०१३ मध्ये, 'मॅक्सिमम पीसी'ची २०२३ मध्ये. भारतात १९८७ मध्ये 'पीसीक्वेस्ट' आणि २००१ मध्ये 'डिजिट' सुरू झालं. डायल-अपच्या काळात अनेकांच्या घरी सॉफ्टवेअर पोहोचलं ते मासिकासोबतच्या सीडीतून.

म्हणजे जुना काळच भारी होता?

तसं नाही. 'बाईट' इंग्रजीत होतं. त्यातलं तंत्र समजायला इलेक्ट्रॉनिक्सची बऱ्यापैकी जाण लागायची. आज लातूरमधली मुलगी मोबाईलवर फुकटात पायथन शिकू शकते. माहिती तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे.

फरक पडलाय तो यंत्रात. १९७८ मध्ये ॲपल २ सोबत मिळणाऱ्या पुस्तकात सर्किटची आकृती छापलेली होती. आज फोनची बॅटरी बदलायची तर आधी मागची काच तापवून चिकटवलेला गोंद सोडवावा लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हाच्या कंपन्या काही मनाने उदार नव्हत्या. ग्राहक स्वतः जोडणी आणि जोडकाम करणार, म्हणून आकृती देणं त्यांना भाग होतं. ही गरज संपली आणि मोकळेपणाही संपला.

म्हणूनच आता तो कायद्याने मागावा लागतोय. कॅलिफोर्नियात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. युरोपियन युनियनने त्याच वर्षी असा नियम मंजूर केला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं.

आणि एआयचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेई कारपथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला. अर्थ असा, की एआयला सांगायचं आणि त्याने लिहिलेला कोड न वाचताच वापरायचा. ज्याला कधीच कोड लिहिता आला नसता, त्यालाही यामुळे दुकानाचा हिशेब ठेवणारं ॲप बनवता येतं. हा फायदा खरा आहे.

पण हिशेब चुकला तर चूक कुठे आहे ते सांगणार कोण? परत एआयलाच विचारावं लागतं. छापलेला प्रोग्राम टाइप करणाऱ्याला निदान चूक शोधायची सवय लागायची.

सुटे भाग आणि माहितीपत्रकं देणं कायदा कंपन्यांना भाग पाडू शकतो. पण ती वाचून, साध्या भाषेत, 'हा भाग इथे का आहे' हे समजावून सांगायला कुणीतरी लागतंच. ५० वर्षांपूर्वी ते काम दीड डॉलरच्या मासिकाने केलं. आज ती जागा रिकामी आहे. मराठीत तर जास्तच.