ओवी नेमकी कोणाची?

साहित्यातील संज्ञांचा इतिहास सांगणाऱ्या या धाग्यात आज ओवी. व्याख्या सर्वांना पाठ असते: पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. ही व्याख्या चुकीची नाही; पण ती हस्तलिखितात स्थिरावलेल्या ओवीची आहे. शब्दाचा इतिहास मात्र पोथीपासून सुरू होत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११२९ चा. त्यात गायनाचा विषय निघाला असता ग्रंथकार नोंदवतो की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. नोंद एवढीच, ओझरती. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. मध्ये सुमारे एकशेसाठ वर्षे आहेत! म्हणजे ओवी आपल्याला प्रथम भेटते ती मुसळाच्या तालावर, बायकांच्या तोंडी. ग्रंथात ती पुष्कळ नंतर येते.

ज्ञानदेवांनी हे लपवलेले नाही. अठराव्या अध्यायात ते सांगतात की, आबालांनाही समजावे म्हणून आपण ओवीची रचना केली. लहान मुलालाही ओवी ओळखीची का असावी? माझ्या मते उत्तर सरळ आहे: पहाटे घरोघरी जात्यावर तीच ऐकू येत असे. गीतेचा अर्थ लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरातले माप निवडले. यात त्यांचे मोठेपण कमी होत नाही, उलट त्या निवडीचे धाडस लक्षात येते.

पुढे मात्र हिशेब बदलला. कोणत्या कवीचा कोणता छंद, हे सांगणारे एक जुने सुभाषित मराठीत प्रसिद्ध आहे. त्यात वामनपंडित, तुकोबा, मोरोपंत यांच्या वाट्याला एकेक प्रकार येतो आणि ओवी ज्ञानदेवांच्या नावे लागते. दळणारीचे नाव तिथे नाही. अभ्यासक्रमांनी हीच वाटणी कायम केली; ग्रंथातली ओवी ‘छंदशास्त्रा’त, जात्यावरची ‘लोकसाहित्या’त. दोन्ही प्रकरणे वाचूनही विद्यार्थ्याला हा एकच शब्द आहे असे जाणवत नाही.

माझी तक्रार इतिहासाच्या बाजूने आहे. मोडी दफ्तरांत सामान्य स्त्री भेटते ती बहुधा फिर्यादी, विधवा किंवा बटीक म्हणून, तीही कारकुनाच्या शब्दांत. माहेर, सासर, भाऊ, पंढरीची वाट, दुष्काळ याविषयी ती स्वतः काय म्हणत होती, हे ओव्यांत आहे. आक्षेप ठरलेला असतो: ओवीला कर्ता नाही, तारीख नाही. मान्य. लढाईचा दिवस ठरवायला ओवी कामाची नाही. पण लोक काय मानीत आणि काय सोशीत, हे समजायला तिच्याइतके जवळचे साधन क्वचितच सापडेल. शिवाय काही ओव्या आपला काळ स्वतःच सांगतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. त्या विसाव्या शतकापूर्वीच्या असूच शकत नाहीत. ‘मध्ययुगीन’ म्हणून बाजूला ठेवलेला हा प्रकार परवापरवापर्यंत नव्या माणसांना सामावून घेत होता!

विजेची गिरणी आली आणि दळणाबरोबर गाण्याची वेळही गेली. (गिरणीमुळे बायकांचे खांदे वाचले, हेही विसरू नये, जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते कधी तासभर ओढलेले नसते.)

आपल्या घरी ओव्या येणारी आजी, आत्या, मावशी असेल, तर तिची परवानगी घेऊन तिच्या आवाजात त्या ध्वनिमुद्रित कराव्यात. सोबत गाव, तिचे माहेर, ओवी कोणाकडून शिकली आणि कोणते काम करताना म्हणत असे, एवढे लिहून ठेवावे. शब्द ‘शुद्ध’ करू नयेत.