एका बटणाचा मेळ

परभणी जिल्ह्यातील सेलू-मानवत ही कापसाची पेठ. या पेठेतील आडतीचा व्यवसाय करणारे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या पायथ्याशी उभे असलेले कुटुंब, मध्यभागी डोक्यावर पदर घेतलेली घरची कर्ती स्त्री आणि तिचे बोट धरून उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आजचे आजोबा. त्यांच्या आईचे दुसरे छायाचित्र घरात नाही. कित्येक पावसाळ्यांच्या ओलीने कागद काचेला चिकटला होता. चौकट उघडून तो सोडवू लागताच एक कोपरा काचेवरच राहिला आणि तेथेच हात थांबवावा लागला. (असे छायाचित्र ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करून घ्यावे, हे बहुधा कोपरा गेल्यावरच कळते.)

आता त्या स्कॅनवरचे बुरशीचे डाग पुसण्याचे काम वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातीने अंगावर घेतले आहे. तिच्या मामेभावाचा छायाचित्रांचा स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा त्याचा संगणक आणि त्याला जोडलेली चित्रपाटी, म्हणजे ड्रॉइंग टॅब्लेट, या घरात आली. पाटीवर लेखणी फिरवली की पडद्यावर ब्रश फिरतो. जपानच्या वाकॉम कंपनीच्या पाटीतील लेखणीला बॅटरी लागत नाही; पाटीतील चुंबकीय क्षेत्रातूनच तिला शक्ती मिळते. पाटीच्या कडेला बटणे असतात. इंटुऑस प्रोच्या २०१७ च्या मध्यम आकाराच्या पाटीवर ती ८ असून सोबत एक गोल कडे असे, लहान इंटुऑसवर ४ बटणे, तर ‘वन बाय वाकॉम’ या स्वस्त प्रकारावर एकही नाही. खरेदीपूर्वी एवढे पाहून घेतलेले बरे. उजव्या हातात लेखणी आणि डाव्या हाताखाली ही बटणे असा या कामाचा संसार असतो. एका बटणाने ब्रश मोठा, दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने चुकलेले पाऊल मागे.

दोन तास काम छान चालले. पणजीच्या गालावरचा डाग गेला, कपाळ स्वच्छ झाले. मग नातीने छायाचित्राखाली चौघांची नावे मराठीत लिहिली, पुन्हा चेहऱ्याकडे वळली आणि डाव्या डोळ्याच्या कडेवर सात-आठ बारीक ठिपके दिले. चित्र लहान करून पाहते तो डोळ्याचा आकारच बदललेला. तिने मागे येण्याचे बटण दाबले. एक ठिपका गेला. पुन्हा दाबले, तर तोच ठिपका परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. ब्रश लहान करावा म्हटले, तर ती दोन्ही बटणे निपचित.

घरात सल्ल्यांना तोटा नसतो. काका म्हणाले, “नांदेडला नेऊन दाखवा.” कोणी म्हणाले, “जुनी झाली पाटी, नवी घ्या.” बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी वस्तू बदलण्याची ही घाई दुकानात माणसे करीत नाहीत, यंत्रापुढे मात्र हटकून करतात. आजोबांनी फोटोशॉपचे नावही नीट ऐकलेले नव्हते. त्यांनी विचारले, “बाळ, मेळ कुठपर्यंत बसतो?”

रोजमेळ जुळला नाही की सारी वही उलथीपालथी करायची नसते. शेवटी मेळ बसला ते पान शोधायचे आणि तेथून पुढे यायचे. येथेही बोटापासून चित्रापर्यंत चार टप्पे आहेत. पाटीवरचे बटण, संगणकातील ड्रायव्हर, विंडोज आणि शेवटी फोटोशॉप. “आजोबा, लेखणी तर चालते,” नात म्हणाली. म्हणजे तार आणि पाटी ठीक. तिने नोटपॅड उघडले आणि ब्रश लहान करण्याचे बटण दाबले. कोऱ्या पानावर ‘ड’ उमटला.

त्या एका अक्षराने अर्धे कोडे सुटले. फोटोशॉपमध्ये ब्रशचा आकार चौकोनी कंसांच्या कळींनी बदलतो आणि पाटीचे बटण त्या कळीचीच नक्कल करते. नावे लिहिण्यासाठी नातीने संगणकाची भाषा मराठी केली होती, ती तशीच राहिली. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत उघडत्या कंसाच्या कळीवर ‘ड’ असतो, मिटत्या कंसाच्या कळीवर नुक्ता. फोटोशॉप कंसाची वाट पाहत होते आणि त्याच्याकडे ‘ड’ जात होता. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला, भाषा इंग्रजी झाली आणि ब्रशची दोन्ही बटणे चालू लागली.

मागे येण्याचे बटण मात्र तसेच. येथे माणूस फसतो. दोन चुका एकाच वेळी पुढ्यात आल्या की त्या एकाच कारणाच्या वाटतात. नातीने थेट कळफलकावर कंट्रोल-झेड दाबले, तर पावले एकामागून एक मागे येऊ लागली. म्हणजे फोटोशॉपही निर्दोष. उरले फक्त बटणाला दिलेले काम. पाटीच्या सेटिंगमध्ये पाहिले, तर त्या बटणावर कंट्रोल-ऑल्ट-झेड असे लिहिलेले होते.

मामेभावाने ते लिहिले तेव्हा ते बरोबरच होते. पूर्वी फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड फक्त शेवटचे पाऊल उलटसुलट करीत असे, आणि अनेक पावले मागे जायचे तर कंट्रोल-ऑल्ट-झेड लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून हे अर्थ बदलले. साधे कंट्रोल-झेड कितीही वेळा दाबून मागे जाता येऊ लागले आणि कंट्रोल-ऑल्ट-झेड शेवटच्या पावलाची केवळ ये-जा करू लागले. खात्याचे नाव तेच, पण रक्कम दुसऱ्याच सदरी जमा होत होती. उपाय दोन आहेत. बटणावर कंट्रोल-झेड लिहावे, किंवा फोटोशॉपच्या एडिट मेनूतील कीबोर्ड शॉर्टकटच्या चौकटीत जुन्या पद्धतीच्या अनडूची खूण करावी. नातीने पहिला स्वीकारला.

याखेरीज आणखी काही ठिकाणी मेळ चुकतो. पाटीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी बटणांची वेगळी मांडणी ठेवता येते. ‘सर्व’ या नावाखाली बदल केला आणि फोटोशॉपची वेगळी नोंद आधीच असेल, तर बदल दिसतो पण लागू होत नाही. फोटोशॉप ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडले असेल, तर विंडोज सुरक्षेसाठी इतर प्रोग्रामांनी पाठवलेल्या कळी तेथपर्यंत पोहोचू देत नाही. दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पाटीचा ड्रायव्हर काढायचा राहिला असेल, तर दोघांत भांडण लागते. यांपैकी काहीच नसेल, तर विंडोजच्या सेवांच्या यादीतील ‘वाकॉम प्रोफेशनल सर्व्हिस’ बंद करून पुन्हा सुरू करावी. ड्रायव्हर नव्याने घालण्याची वेळ आलीच, तर त्याआधी बटणांच्या मांडणीचा बॅकअप घ्यावा.

पण या घरातील खरी धास्ती बटणाची नव्हतीच. फोटोशॉपच्या हिस्टरीत मुळात ५० पावलेच राहतात आणि लेखणीचा प्रत्येक ठिपका हे एक पाऊल असते. दोन तासांतील पहिली शेकडो पावले केव्हाच पुसली गेली होती. बिघाडाच्या गडबडीत नात आणखी पन्नास ठिपके देऊन बसली असती, तर पणजीचा मूळ डोळा परत मिळाला नसता. काम सुरू करताना तिने स्कॅनची प्रतही ठेवली नव्हती आणि मूळ थरावरच ब्रश चालवला होता. मधे दोनदा सेव्हही केले होते.

आजोबांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. नातीने आठ पावले मागे जाऊन डोळा पूर्ववत केला, फाईलच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर ठेवली आणि नवा थर घेऊन पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत चेहरा स्वच्छ झाला. मुलाच्या सदऱ्यावर, खिशाजवळ, एक काळसर डाग उरला होता. तिने ब्रश तिकडे नेला तेव्हा आजोबांनी हात वर केला.

“तो राहू दे. ती बुरशी नाही. डोंगर उतरताना जांभळे खाल्ली होती, आईने फार रागावले होते.”