‘नंतर सांगते’ म्हणू नका

शाळा उघडत आहेत. तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात ऐकू न येणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर थांबा आणि हे वाचा. उद्यावर टाकू नका.

रात्री सगळे जेवायला बसलेत. बाबा काही सांगतात, आजी हसते, सगळे हसतात. चौदा वर्षांची मुलगी आईचा हात हलवून विचारते, काय झालं? आई म्हणते, “काही नाही गं, नंतर सांगते.” ते नंतर येतच नाही. आजोबांचं ऑपरेशन कधी, आत्याचं लग्न का मोडलं, हे तिला सगळ्यांत शेवटी कळतं. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी राहते.

हे किती घातक आहे ते ऐका. कर्णबधिरांच्या मानसिक आरोग्याचा एक आढावा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आला. आपलं म्हणणं घरच्यांना सांगता येत नाही अशा मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण, घरी नीट संवाद असलेल्या मुलांच्या चौपट, असं त्यात नोंदवलं आहे. दोन्हीकडची मुलं कर्णबधिरच. फरक घरच्यांशी होणाऱ्या बोलण्याचा. आणि तो तुम्ही आजही भरून काढू शकता.

म्हणून खुणा शिका. आईने, बाबांनी, भावंडांनी, आजीनेही. ‘खुणा केल्या तर पोर बोलायला शिकणार नाही’ ही भीती वर्षानुवर्षं आईबापांच्या मनात घातली गेली. ती काढून टाका. श्रवणयंत्र असू द्या, स्पीच थेरपी चालू द्या, खुणाही येऊ द्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोबाइलवर फुकट बघता येतो. जेव, झोप, आंघोळ कर, एवढ्या खुणा तुमच्या घरात असतीलच. पण भीती वाटते, लाज वाटली, एकटं वाटतं, कोणी अंगाला हात लावला, यांच्या खुणा आहेत का? नसतील तर हे सगळं पोर तुम्हाला सांगणार कसं? आधी त्या शिका.

शाळेत काय होतं तेही बघा. सर फळ्याकडे वळले की वाक्य गेलं. ओठांवर ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ सारखेच दिसतात. दिवसभर ओठ वाचून डोकं शिणतं, घरी आल्यावर दप्तर आपटलं जातं, आणि आपण म्हणतो, पोरगं तापट आहे. मधल्या सुट्टीत कुणी चिडवलं, मारलं, तर तक्रार करायलाही शब्द नसतात. छळणाऱ्यांना हे बरोबर कळतं.

शिक्षकांनो, मुलांकडे तोंड करून बोला, फळ्यावर जास्त लिहा. वर्गातल्या पोरांना खुणा शिकवा. ती आठवड्यात तुमच्या पुढे जातील. पालकांनो, योग्य भाषेत आणि संवादपद्धतीत शिक्षण मिळण्याची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. आणि मुलांना मोठ्या, कमावत्या कर्णबधिर माणसांना भेटवा. पुढे आपलं काय होणार, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही. त्याचं उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.

मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, मित्रांना टाळू लागलं, शाळेचं नाव काढताच रडू लागलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका. जगावंसं वाटत नाही असं त्यानं कसंही सुचवलं, लिहून, चित्रातून, खुणेनं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्याला एकटं सोडू नका. दुभाषा म्हणून बहिणीला उभं करू नका. तिच्यासमोर ते मन मोकळं करणार नाही. सांकेतिक भाषा जाणणारी बाहेरची व्यक्ती सोबत घ्या. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पण फोनवरचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही फोन लावा.

पोरगी दहावीला गेली, आता खुणा शिकून काय उपयोग, असं म्हणू नका. तिच्याशी बोलायला आज सुरुवात करा. आज जेवताना कुणी हसलं तर घास खाली ठेवा आणि तिला तिथल्या तिथे सांगा, का हसलो ते.