बलराज साहनींची लिपी

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमच्या वृद्ध आत्याबाईंचे पत्र आले. उत्तराचे काम आम्ही चिरंजीवांवर सोपविले. चिरंजीव इंदुरातच वाढलेले. घरात मराठी बोलतात, मित्रांत हिंदी. तासभर कागद पुढे घेऊन बसले आणि अखेर चार ओळी हिंदीत लिहून आणल्या. "बाबा, लिपी तर एकच आहे. आत्याआजी समजून घेतील." मराठीची एम. ए. पदवी जन्मभर मिरविणाऱ्या आम्हांस यावर उत्तर सुचले नाही.

विद्यार्थ्यांपुढे नटांचे आदर्श ठेवावेत, अशा मताचे आम्ही नाही. पण त्या रात्री आम्हांस बलराज साहनी आठवले.

हे गृहस्थ १९१३ साली रावळपिंडीस जन्मले. घरची बोली पंजाबी, वळण आर्यसमाजी, लाहोरास इंग्रजीचे एम. ए. पुढे शांतिनिकेतनात अध्यापन, लंडनला बीबीसीची नोकरी आणि मग मुंबईचे चित्रपट. १९४७ साली पत्नी दमयंती गेल्या आणि त्याच वर्षी रावळपिंडीही परदेशात गेली. मुंबईस आले तेव्हा पाठीमागे घर होते. काही वर्षांत त्या घराची वाट बंद झाली.

शांतिनिकेतनात असताना ते हिंदीत कथा लिहीत. रवींद्रनाथांनी त्यांना, मातृभाषेत का लिहीत नाही, असे विचारले. हिंदी ही साऱ्या देशाची भाषा, पंजाबी एका प्रांताची, असे काहीसे उत्तर तरुण बलराजांनी दिले. गुरुदेवांनी त्यांना नानकांच्या वाणीची थोरवी सांगितली. तेव्हा ते पटले नाही. पटायला कित्येक वर्षे लागली. पुढे, नट म्हणून नाव झाल्यावर, ते पंजाबीत लिहू लागले आणि त्यासाठी गुरुमुखी लिपी शिकले. गाजलेला नट अक्षरे गिरवीत बसला आहे, हे दृश्य आम्हां शिक्षकांस फार भावते.

पडद्यावर मात्र ते सतत दुसऱ्याच्या घरचे दुःख वागवीत होते. 'दो बिघा जमीन'साठी (१९५३) त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखरीच हातरिक्षा ओढली. तेथे बिहारच्या एका वृद्ध रिक्षावाल्यास त्यांनी चित्रपटाची गोष्ट सांगितली, तर ती त्याचीच निघाली. त्याचीही जमीन अशीच गहाण पडली होती. नटाची भीती त्या दिवशी गेली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९६१ साली ते 'काबुलीवाला' झाले. ज्या रवींद्रनाथांनी त्यांना आपल्या भाषेकडे वळायला सांगितले, त्यांच्याच कथेतला हा परमुलखातला बाप.

फाळणीनंतर एकदा ते पाकिस्तानात जाऊन आपले जुने गाव पाहून आले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी पंजाबीत लिहिले. ते हिंदीत लिहिते तर वाचक अधिक मिळाले असते, हे त्यांना कळत नव्हते थोडेच!

अखेरची मोठी भूमिका 'गर्म हवा'तील सलीम मिर्झांची. फाळणीनंतर आग्र्यातून सारे गणगोत निघून जात असताना हा जोड्यांचा कारखानदार तग धरून राहतो. शेवटी स्टेशनाकडे निघतो आणि वाटेतच टांग्यातून उतरतो. गाव सुटलेल्या माणसाने गाव न सोडणारा माणूस उभा केला. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, १३ एप्रिल १९७३ रोजी, बलराज गेले.

त्यांना आपल्या भाषेसाठी निराळी लिपी शिकावी लागली. आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांची सोय अशी की लिपी तीच. म्हणून भाषा केव्हा बदलली, हे कागदाकडे पाहून चटकन कळत नाही.

सकाळी चिरंजीवांस नवा कागद दिला. 'ती. आत्याआजीस शि. सा. न. वि. वि.' एवढे आम्ही सांगितले. त्यांनी या अक्षरांचा अर्थ विचारला, ऐकून हसले आणि 'शिरसाष्टांग' पूर्ण लिहावयास बसले. पहिल्या प्रयत्नात 'ष्टां' चुकला.